वांगं आलं, पण वेग कुणाचा घेऊन?

भाऊ, ओट्यावर अर्धा किलोचं भरताचं वांगं अचानक प्रकटलं तर "हवा सरकेल, फट् आवाज होईल, बस" असं तुम्ही म्हणता. हवेपुरतं पटलं. त्या जागेतली हवा ग्रॅमभरसुद्धा नसते, तिला ढकलायला साधारण 70 ज्यूल पुरतात.

गोम वस्तुमानात आहे. वांगं शून्यातून घडवायचं तर E = mc² प्रमाणे तेवढी ऊर्जा लागणार, आणि अर्धा किलो म्हणजे 4.5 × 10^16 ज्यूल. आपल्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राचे 500 मेगावॅटचे दोन्ही संच पूर्ण क्षमतेने अखंड चालले, तरी एवढी ऊर्जा जमायला सतरा महिने जातील. त्यात ऊर्जेतून पदार्थ घडतो तेव्हा जोडीला तेवढाच प्रतिपदार्थही (अँटिमॅटर, जो पदार्थाला भिडला की दोन्ही नष्ट होऊन ऊर्जा होते) येतो, म्हणजे खर्च दुप्पट आणि वर एक प्रति-वांगं. दोघं एकमेकांना भिडली तर हिरोशिमाच्या हजारपट धमाका. कपाशीच्या काड्या पेटवून भाजत बसायची गरजच नाही!

पण मला जास्त छळतो तो वेग. जळगाव 21 अंश अक्षांशावर, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यामुळे आपण, ओटा, गॅस, सगळे सेकंदाला 430 मीटरने पूर्वेकडे चाललोय. आपल्याला कळत नाही इतकंच. वांगं पृथ्वीच्या केंद्राच्या हिशोबाने 'स्थिर' प्रकटलं, तर ते आवाजापेक्षा जास्त वेगाने पश्चिमेच्या भिंतीवर आदळणार. सूर्याभोवतीचा सेकंदाला 30 किलोमीटरचा वेग तर मी अजून धरलाच नाही. मग सांगा, तुमचं वांगं नेमकं कशाच्या तुलनेत स्थिर होतं?