पिल्लाला शी-शूची सवय : फ्लॅट, तिसरा मजला, लसी अजून बाकी

रानजाई : अडीच महिन्यांची लॅब्रॅडॉर पिल्ली आहे. शेवटच्या लसी व्हायच्या असल्याने डॉक्टरांनी खाली जमिनीवर सोडू नका म्हटलंय. बाल्कनीत पेपर अंथरतो, तिथे नुसती हुंगते आणि आत येऊन सतरंजीवर शू करते. ओरडलं तर सोफ्यामागे जाते. जागा रोज फिनेलने पुसतो. शिवाय संध्याकाळी हातापायांना फार चावते. काय बदलू?

पाणकणीस : आधी ओरडणं थांबवा. त्यातून ती ‘इथे करू नये’ शिकत नाही, ‘माणसांसमोर करू नये’ हे शिकते. म्हणून तर सोफ्यामागे जाते. पुढे पट्ट्यावर खाली नेलंत तरी तुमच्यासमोर करणार नाही, ही खरी अडचण.

सतरंजी महिनाभर गुंडाळून ठेवा. फिनेलने आपल्या नाकाला वास येईनासा होतो, तिच्या नाही. सुक्या फडक्याने शू दाबून टिपा, मग पेट शॉपमध्ये मिळणारं एन्झाइमवालं क्लीनर ओता आणि बाटलीवर लिहिलेला वेळ तसंच राहू द्या. लगेच पुसलंत तर उपयोग नाही.

वेळा : झोपेतून उठल्याबरोबर, जेवणानंतर ५ ते १५ मिनिटांत, खेळता खेळता मध्येच, झोपण्याआधी. एरवी जागी असेल तेव्हा दर तासाला. पट्टा लावून बाल्कनीत न्या, एका जागी उभे राहा, बोलू नका. शू पूर्ण झाली की त्याच क्षणी, तिथेच वाटाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा द्या. आत आल्यावर दिलात तर तिच्या लेखी ते आत येण्याचं बक्षीस. अर्धवट असताना कौतुक केलंत तर ती मध्येच थांबते आणि उरलेली शू घरात होते.

पाच मिनिटांत झाली नाही तर मोकळी सोडू नका. दहा मिनिटं मांडीवर किंवा घरात पिल्लासाठी लावतात त्या छोट्या कुंपणात (प्लेपेन) ठेवा, परत न्या. बहुतेकांचं इथेच फसतं.

गव्हाळ : वरच्याला जोड. दिवसातून तीन-चार वेळा ठरावीक वेळी जेवण, वीस मिनिटांनी भांडं उचलायचं; म्हणजे शीची वेळही ठरते. पाणी मात्र तोडू नका. रात्री तिचा झोपायचा पिंजरा (क्रेट) तुमच्या पलंगाशेजारी हवा. उभं राहता, वळता, पसरता येईल एवढाच. मोठा असला की एका कोपऱ्यात शू, दुसऱ्यात झोप. मध्यरात्री एकदा गजर लावून न्या.

संध्याकाळचं चावणं बहुधा अपुऱ्या झोपेचं. या वयाला दिवसाकाठी १८ ते २० तास झोप लागते. दात लागले की हात हिसकू नका, हिसकलं की तिला खेळच वाटतो. हात स्थिर ठेवा, दुसऱ्या हाताने खेळणं पुढे करा. तरी चावलीच तर अर्धा मिनिट उठून जा. ओला रुमाल पिळून फ्रीझरमध्ये गोठवून चघळायला द्या, पण समोर बसून.

थेंब थेंब वारंवार शू, जोर करणं, रक्त : यातलं काही दिसलं तर शिकवणं बाजूला, आधी डॉक्टरांकडून लघवी तपासा.

रानजाई : पेपरची सवय लागली तर नंतर खाली करेल का?

पाणकणीस : म्हणूनच पेपरऐवजी आत्तापासून ट्रेमध्ये हिरवळीचा तुकडा ठेवा. पायाला जे लागतं तीच जागा पिल्लं पकडतात. लसी पूर्ण झाल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा खाली न्या. तोवर कडेवर घेऊन रिक्षा, कुकरची शिट्टी, छत्र्या हे सगळं दाखवत राहा. नव्या गोष्टी सहज स्वीकारायचं वय तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच सरतं. आणि खाली शू झाली रे झाली की घराकडे वळू नका. आणखी दहा मिनिटं फिरवा, नाहीतर बाहेर राहण्यासाठी ती शू रोखून धरायला शिकेल.