वाचनाच्या यादीतून नाव गेलं. आता मंडळीत माझं काम काय?

निवृत्त_मास्तर

सर्वांना सलाम.

वय ७६, राहणार नगर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. (जिल्ह्याचं नाव बदललंय हे ठाऊक आहे, पण तोंडात नगरच बसलंय.) ३४ वर्षं मराठी शाळेत मास्तरकी केली, आणि तिच्या जोडीनं संडेस्कूल. मधली नऊ वर्षं आमच्या चर्चच्या मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीचा सेक्रेटरी होतो. हे सगळं मी फोनशी बोलून लिहितोय. मी ‘पाळक’ (म्हणजे चर्चचे पास्टर) म्हणतो, तो ‘पालक’ लिहितो, मग नातू दुरुस्त करतो. कुठं राहून गेलं तर भाजी समजून सोडून द्या.

डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. इंजेक्शनं झाली, चष्म्यानं फरक पडत नाही. कडेचं दिसतं, मधलं जातं. समोर माणूस उभा राहिला की त्याचे कान दिसतात, खांदे दिसतात, चेहऱ्याच्या जागी राखेचं बोट फिरवल्यासारखं. बायबल उघडलं की समास स्वच्छ, वचन गायब.

आता मूळ गोष्ट. रविवारच्या उपासनेत बायबलातल्या जुन्या कराराचं वाचन महिन्यातून एकदा माझ्याकडे असे. यंदा ईस्टरच्या सुमारास मी अडखळलो. यशयातला उतारा होता. एक ओळ दोनदा वाचली, एक गाळली. कोणी काही बोललं नाही. पुढच्या महिन्याची यादी दाराशी लागली, तिच्यात माझं नाव नव्हतं. नातवाला म्हटलं, नीट बघ. त्यानं बिचाऱ्यानं दोनदा बघितलं.

मग जुलैत ‘ज्येष्ठांचा रविवार’ झाला. आम्हा सात जणांना पुढच्या बाकावर बसवलं. शाल, गुलाबाचं फूल, स्टीलचा डबा. निवेदन करणारा मुलगा म्हणाला, ‘यांचे आशीर्वाद आपल्या पाठीशी आहेत.’ मी मनात म्हटलं, पाठीशीच, पुढं कुठं दिसायला नकोत. चहा घेऊन घरी आलो. डब्याचं झाकण लागत नाही, सून त्यात कपड्यांचे चिमटे ठेवते.

राग कोणावर नाही. अडखळणाऱ्याला वाचायला उभं करू नये हे मास्तर म्हणून मलाही कळतं. पण एकदा विचारलं असतं, तर मीच ‘आता नको’ म्हटलं असतं. तेवढं म्हणायची संधीसुद्धा गेली.

घरी मुलगा-सून चांगली आहेत. अडचण हीच की माझ्या वाट्याला एकही काम नाही. दूध बघायला उभा राहिलो की ‘पपा, तुम्ही बसा.’ एक दिवस मोजलं, अकरा वेळा झालं. माझी मंडळी चार वर्षांपूर्वी प्रभूघरी गेली. आमच्या पिढीत बायकोला मंडळीच म्हणत. आता देवळातल्या मंडळीतही आपण नुसतेच बसलोय, म्हणजे दोन्हीकडून सुटलो.

देव म्हातारपणी टाकत नाही हे कृपा करून सांगू नका. ते स्तोत्र मी पोरांकडून पाठ करून घेतलंय. मला विचारायचंय ते साधं आहे. ज्याला वाचता येत नाही, जिना उतरताना हात लागतो, त्यानं पहाटे पाचला जाग आल्यावर करायचं काय? जे या वयात आहेत किंवा अशा माणसांत वावरतात त्यांनी सांगावं.

---

वसईची_मावशी

सर, मी कॅथलिक, वय ६८. आमच्याकडेही जुलैतच शाल निघते. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांसाठी ठरवून दिला, कारण २६ जुलैला येशूची आई मारिया हिच्या आईवडिलांचा, संत ॲना आणि संत योआकिम यांचा सण असतो. आमच्या विभागात डब्याऐवजी प्लास्टिकचा मग मिळाला होता. तुमचं बरं म्हणायचं.

मी आजाऱ्यांना घरी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, नेऊन देते. १९७३ साली रोमहून मोकळीक मिळाल्यापासून हे काम साध्या माणसांनाही करता येतं. माझ्या फेरीत एक आजी आहेत, ८८ वर्षांच्या, सहा वर्षं खाटेवर. मी येणार असले की त्या पहाटेच सुनेला उठवतात. केस विंचरून घ्यायचे, लाल लुगडं अंगावर नुसतं पांघरून का होईना पण घ्यायचंच. गाऊनवर ख्रिस्तप्रसाद घेत नाहीत. मी डबी उघडण्याआधी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘बाय, कोण कोण आजारी?’ मी नावं सांगते, त्या बोटांवर मोजतात. दिवसभर माळ त्या नावांवर. गावात आता कोणाचं ऑपरेशन असलं की लोक आधी आजींच्या सुनेला फोन करतात. मी नाव विसरले तर ओरडा बसतो.

आणि एक सांगते. फ्रान्समध्ये झान जुगाँ नावाची बाई होती. १८३९ च्या हिवाळ्यात तिनं एका आंधळ्या म्हातारीला घरी आणलं, स्वतःचा बिछाना तिला दिला, आपण माळ्यावर झोपायला गेली. त्यातून ‘गरिबांच्या लहान भगिनी’ हा धर्मसंघ उभा राहिला. म्हाताऱ्यांसाठी त्यांची घरं जगभर आहेत, आपल्या देशातही आहेत. पण संघ वाढला तसं एका धर्मगुरूनं तिलाच बाजूला केलं. शेवटची २७ वर्षं ती मुख्य मठात राहिली, आणि नव्यानं येणाऱ्या मुलींना ही संस्थापिका आहे याचा पत्ताही नव्हता. १८७९ साली ८६ व्या वर्षी वारली. २००९ मध्ये संत झाली. तुमची यादी दाराला लागली होती तरी. तिचं नाव इतिहासातूनच खोडलं होतं. मला तिचं कौतुक संतपदासाठी नाही, त्या २७ वर्षांसाठी वाटतं. रोज सकाळी उठून ती त्या पोरींत कशी वावरली असेल?

---

सेवानिवृत्त_पाळक

सलाम मास्तर. वय ८१, खुबा मोडलेला, वॉकर.

यादीचं त्यांचं चुकलं. तसं तोंडावर जाऊन सांगा. गप्प बसून दुखावून घेणं ही नम्रता नव्हे. मी पाळक असताना अशा किती जणांना न विचारता खाली बसवलं, ते आता आठवतंय. त्यातले बरेच आता भेटायचे नाहीत.

बायबलातल्या गणना पुस्तकाचा ८ वा अध्याय नातवाकडून वाचून घ्या, शेवटच्या तीन ओव्या. लेवी, म्हणजे देवाच्या मंडपाची सेवा करणारा, पन्नाशीला आला की जड कामातून मोकळा. पण घरी जा असं म्हटलेलं नाही. भावांच्या बरोबर राहून त्यांना हातभार लाव, असं आहे. ओझं उचलायचं नाही, उचलणाऱ्याजवळ उभं राहायचं.

दुसरा माणूस बर्जिल्ल्य, २ शमुवेल १९. माझा आवडता. ८० वर्षांचा. दावीद राजा म्हणतो, चल माझ्याबरोबर यरुशलेमेस, तुला मी पोशीन. हा म्हणतो, मला अन्नाची चव कळेना, गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येईना, तुझ्यावर भार कशाला? मी नदीपलीकडे थोडा येतो, मग आईबापांच्या थडग्यापाशी मरू दे. हा किम्हाम आहे, याला ने. स्वतःच्या तोंडानं ‘नको’ म्हणाला आणि पोराला पुढं केलं. तुमच्याकडून हिरावलं गेलं ते हेच, ‘नको’ म्हणण्याचा मान. तो परत मागा, वाचन मागू नका.

आपण मंडळीच्या पुढाऱ्याला ‘वडील’ म्हणतो हे विसरू नका. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही वयानं मोठा असाच. हल्ली तिशीतले वडील निवडून येतात, ती गोष्ट निराळी.

---

वॉर्डातली_सिस्टर

काका, मी घरी जाऊन रुग्णसेवा करते, बहुतेक सगळे ऐंशीच्या पुढचे.

आधी व्यवहाराचं. मधलं दिसत नसेल तर नजर किंचित बाजूला ठेवून बघायची सवय करा, कडेनं जास्त सापडतं. डोळ्यांच्या दवाखान्यात विचारा, ते शिकवतात. मराठी बायबल फोनवर ऐकायला मिळतं. आणि सूनबाईंना दूध मागू नका, त्यांना भाजण्याची भीती असणार आणि ती खरी आहे. शेंगा मागा, लसूण मागा. बोटांना डोळे लागत नाहीत.

आता दुसरं. माझे एक रुग्ण होते, आयुष्यभर लोकांच्या अडीअडचणीला धावलेले. त्यांनी मला पहिले तीन दिवस अंघोळ घालू दिली नाही. भिंतीकडे तोंड करून पडायचे. चौथ्या दिवशी म्हणाले, ‘पाय तेवढे धू.’ मी धुतले. बोटांच्या बेचक्यात साबण राहिला होता, तो त्यांनीच दाखवला. पाचव्या दिवशी अंगाला हात लावू दिला. येशूचा शिष्य पेत्र, त्याचं आठवलं मला. प्रभू पाय धुवायला वाकला तेव्हा पेत्रही आधी ‘कधीच नाही’ म्हणाला होता ना? सेवा करणाऱ्यांना सेवा घेणं फार जड जातं. ‘तुम्ही बसा’ हे अकरा वेळा ऐकून घेणं सोपं नाही, पण अकरातलं एखादं खरंच प्रेमानं म्हटलेलं असतं. कुठलं ते शोधा.

---

सातारकर

मी ख्रिस्ती नाही, सहज वाचत होतो. आमचे वडील भजनात टाळ वाजवायचे. कान गेले तसा टाळ चुकायला लागला. सगळ्यांना कळत होतं, बोलायचं कुणी? शेवटी वीणेकऱ्यानं त्यांच्या हातात बुक्क्याची वाटी दिली आणि म्हणाला, ‘दादा, हे काम तुमचं.’ पुढची सहा वर्षं मंडपात येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळाला त्यांचा अंगठा लागला. कान लागत नव्हते त्या कामाला. तुमच्याकडे असं काही असेल तर बघा.

---

निवृत्त_मास्तर

तीन आठवड्यांनी लिहितोय, सगळ्यांचे आभार.

पाळकसाहेबांकडे गेलो. म्हणाले, ‘सर, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून विचारलं नाही.’ मी म्हटलं, न विचारल्याचंच वाटलं. गप्प झाले. मग मी म्हटलं, आता विचारा. त्यांनी खरोखर विचारलं: ‘सर, वाचन चालू ठेवाल का?’ मी म्हटलं, नको. दोघंही हसलो. बर्जिल्ल्याला माझा सलाम.

पण किम्हाम पुढं करून आलो. शनिवारी संध्याकाळी, ज्या पोरांचं रविवारी वाचन आहे, ती आमच्या ओट्यावर येतात आणि मला वाचून दाखवतात. डोळे नसले तरी कान मास्तरचे आहेत. ‘नबुखद्नेस्सर’ राजाच्या नावापाशी सगळी पोरं आपटतात. एक मुलगी स्वल्पविरामावर थांबतच नाही, तिला मी टाळी वाजवून थांबवतो.

वसईच्या आजींचं मनात राहिलं. माझ्या ट्रंकेत संडेस्कूलची हजेरीची रजिस्टरं आहेत, अकरा. पहाटे नातू शाळेचं आवरता आवरता दहा नावं वाचतो, मी त्यांच्यासाठी प्रार्थना करतो, आणि संध्याकाळी त्यातल्या एकाला फोन. नंबर शोधायला गावभर विचारावं लागतं. पहिल्यानं माझा आवाज ओळखला आणि विचारलं, ‘सर, वर्गणी किती द्यायची?’ दुसरा म्हणाला, ‘तुम्ही मला नाताळच्या नाटकाच्या तालमीत कोंबडा केलं होतं.’ मी माफी मागितली. तो म्हणाला, ‘दोनदा केलं होतं.’ दोन्हींची मागितली. पाच जण गेलेले निघाले, सगळे माझ्याहून लहान. त्यांच्या घरच्यांशी बोलतो. तिथं फार बोलता येत नाही.

सिस्टर, सून घेवडा सोलायला देते. काल म्हणाली, ‘पपा, शिरा राहिल्या.’ रागावली होती जरा. बरं वाटलं.

उद्यापासून १९९१ चं रजिस्टर. नातू म्हणतो त्यावर कधीतरी पाणी सांडलंय, शाई पसरलीय, नावं लागत नाहीत. मी म्हटलं, तू पहिलं अक्षर तेवढं वाच.