'अपूर्ण करार' की 'अपुरा करार'?

प्रश्न : अर्थशास्त्रज्ञ ऑलिव्हर हार्ट यांच्या करारांविषयीच्या सिद्धांतावर लेख लिहिते आहे. 'इनकम्प्लीट कॉन्ट्रॅक्ट'ला 'अपूर्ण करार' म्हटलं, तर वाचणाऱ्याला वाटतं सह्या व्हायच्या राहिल्यात. दुसरा शब्द आहे का?

— शंका रास्त आहे. हार्ट ज्याबद्दल बोलतात तो करार सह्याशिक्क्यांसह पक्का असतो. पुढे काय काय घडेल ते सगळं आधी लिहून ठेवणं मात्र कुणालाच जमत नाही. शिवाय पाठ्यपुस्तकांत 'अपूर्ण स्पर्धा' आधीच रुळली आहे आणि तिथे मूळ शब्द 'इम्परफेक्ट' आहे. एकाच शब्दावर दोन ओझी नकोत. मी 'अपुरा करार' म्हणेन. कापड अपुरं पडतं, तसा करार प्रसंगाला अपुरा पडतो.

— 'अपुरा'मध्ये लिहिणाऱ्याची कुचराई ध्वनित होते, हे मला खटकतं.

— 'अपुरा राहिला' म्हटलं तर होते. 'अपुरा पडला' म्हटलं तर नाही. क्रियापद सांभाळा. 'होल्ड-अप'ला मात्र 'अडवणूक' हाच शब्द, त्यात तडजोड नको. एकाच गिऱ्हाइकाच्या सुट्या भागासाठी कारखानदारानं महागडा साचा बनवला. तो दुसरीकडे कवडीच्या कामाचा नाही. आता गिऱ्हाईक म्हणतं, भाव उतरवा. अडला हरी! ही भीती आधीच असते, म्हणून साच्यावर पैसा घालायलाच माणूस कचरतो. सॅनफर्ड ग्रॉसमन आणि हार्ट यांच्या 1986 च्या निबंधाचा गाभा हा की, करारात जे लिहिलेलं नाही त्याचा निर्णय मालमत्तेच्या मालकाकडे जातो; म्हणून मालकी कोणाकडे, याला इतकं महत्त्व.

— तुरुंगाचं उदाहरण जरूर घ्या. हार्ट यांचा श्लायफर आणि विश्नी या अर्थशास्त्रज्ञांबरोबरचा 1997 चा निबंध. खासगी तुरुंगाच्या करारात कोठडीचं माप लिहिता येतं. पहारेकऱ्यानं बळ कधी, किती वापरावं, हे नेमकं लिहिता येत नाही. आणि खर्च कापला जातो तो तिथेच. हार्ट मूळचे केंब्रिजचे गणिती, 1974 मध्ये प्रिन्स्टनची डॉक्टरेट, 2016 मध्ये होल्मस्ट्रॉम यांच्यासह नोबेल. पण माझ्या मते लेखात या कारकिर्दीला दोन ओळी पुरेत, कोठडीला परिच्छेद द्या.

— 'अपुरा करार' आणि 'अडवणूक' घेते. करारात न लिहिलेल्या गोष्टी ठरवण्याचा मालकाचा हक्क, म्हणजे 'रेसिड्युअल कंट्रोल राइट्स', त्याला 'शेषाधिकार' सुचतो, पण 'शेष' म्हणजे उरलंसुरलं वाटतं आणि इथे तर तोच मुख्य हक्क.

— मग पहिल्यांदा 'अलिखित बाबींचा निर्णयाधिकार' लिहा. लांब आहे, पण अर्थ चुकत नाही. पुढे 'शेषाधिकार' चालेल.