दोनदा हरलेल्याला 'अजिंक्य' म्हणायचं का? (कॉलेज फुटबॉलचे शब्द)

ओहायोवाली:
मंडळी मदत हवीये. आम्ही कोलंबसला राहतो, नवरा ओहायो स्टेटचा माजी विद्यार्थी, त्यामुळे घरात गणपतीच्या खालोखाल फुटबॉलचा मान (हातात धरून पळायचा लांबुडका बॉल, पायाने खेळतात तो नव्हे, हे आईला दरवर्षी नव्याने सांगते). तर लेकीला मराठी शाळेतून गृहपाठ आलाय, 'अजिंक्य' शब्द वापरून पाच वाक्यं लिहा. तिने पहिलंच लिहिलं, 'आमची टीम २०२४ ची अजिंक्य टीम आहे.' मी कौतुकाने आईला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं तर आई म्हणते, अगं त्याच वर्षी ना जावईबापू हरले म्हणून जेवले नव्हते?

खरंय. त्या सीझनला आम्ही दोनदा हरलो. ऑक्टोबरात ऑरेगनकडून ३२-३१, एका पॉइंटने, आणि नोव्हेंबर संपता संपता घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१०, आणि मिशिगन तेव्हा देशाच्या क्रमवारीत पहिल्या पंचविसातसुद्धा नव्हतं हो! ती त्यांच्याकडून सलग चौथी हार. त्यामुळे स्वतःच्या कॉन्फरन्सची (म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाची) फायनलसुद्धा खेळायला मिळाली नाही. आणि तरी २० जानेवारी २०२५ ला अटलांटात नोटर डेमला ३४-२३ हरवून नॅशनल चॅम्पियन. मग हे अजिंक्य कसे? आणि 'कॉन्फरन्स'ला काय म्हणू? 'परिषद' लिहिलं की पुढे ठराव आणि आभारप्रदर्शन येणार असं वाटतं. 'रायव्हलरी'ला पण शब्द सुचवा.

शब्दवेडा:
'अजिंक्य' हा संस्कृत वाटतो पण अस्सल मराठी आहे. संस्कृतात 'अजेय' नाहीतर 'अजय्य'. आपण आपलं 'जिंकणे' घेतलं आणि त्याला संस्कृतचा अंगरखा चढवला. अर्थ काटेकोर धरला तर ज्याला जिंकताच येत नाही तो अजिंक्य. जो आजवर हरला नाही तो 'अपराजित'. आणि जो शेवटची मॅच जिंकला तो नुसता 'विजेता'. हे तीन वेगळे प्राणी आहेत, पेपरवाल्यांनी एकाच गोठ्यात बांधलेत. 'अजिंक्यपद' हे आता फक्त पदाचं नाव राहिलंय, 'माननीय' असतं ना तसं, त्यात मान किती ते विचारू नये. मुलीच्या वाक्यात 'विजेती टीम' घाला.

सातारी कंदीपेढा:
थांबा थांबा, अजिंक्यला एवढ्यात हाकलू नका. आमचा अजिंक्यतारा घ्या. १७०० साली किल्ला औरंगजेबाकडे गेला, त्याने नाव ठेवलं आझमतारा. नंतर ताराराणीने परत जिंकला आणि तेव्हा 'अजिंक्यतारा' नाव पडलं. म्हणजे हरल्यानंतर, परत मिळवल्यावर अजिंक्य! पुढे १७०८ मध्ये शाहू महाराजांनी ताराराणीच्याच लोकांकडून घेतला तो भाग वेगळा. तर ओहायोवाल्या ताई, तुमच्या टीमने ज्या ऑरेगनकडून मार खाल्ला त्यांना नंतर परत गाठलं का? गाठलं असेल तर शब्द एकदम फिट.

ओहायोवाली:
गाठलं तर! १ जानेवारीला रोझ बाऊलमध्ये, ४१-२१. ऑरेगन तोवर १३-० होतं, एकही हार नाही, आमच्या कॉन्फरन्सचे, बिग टेनचे, विजेते तेच. आणि एका दुपारीत संपले. आता बोला, अपराजित कोण आणि अजिंक्य कोण 😄

टेक्सासचा पाव्हणा:
मी सतरा वर्षं डॅलसला आहे, दोन पैसे माझेपण. कॉन्फरन्सला माझा शब्द 'भावकी'. एसईसी म्हणजे दक्षिणेकडच्या कॉलेजांची भावकी, त्यात अलाबामा आणि ऑबर्न यांचं असं हाडवैर की लग्नात कोणाला कुठल्या टेबलावर बसवायचं याचा विचार करावा लागतो. पण तोच अलाबामा बाहेरच्या कोणाला, म्हणजे तुमच्या ओहायोला वगैरे, हरवायला लागला की स्टेडियममध्ये 'एस-ई-सी, एस-ई-सी' ओरडा सुरू होतो, आणि वर्षभर अलाबामाला शिव्या घालणारे भाऊबंदसुद्धा दुसऱ्या दिवशी ऑफिसात छाती काढून फिरतात. आपल्या महाभारतातलं 'वयं पंचाधिकं शतम्' ते हेच, आपसात पाच विरुद्ध शंभर पण परका आला की आम्ही एकशे पाच. २००६ ते २०१२ सलग सात वेळा देशाचा विजेता याच भावकीतला होता. २०११ च्या सीझनला तर कहर, फायनलला दोन्ही टीम एसईसीच्या. एलएसयूने आधी अलाबामाला ९-६ हरवलं होतं, फायनलमध्ये अलाबामाने २१-० ने परतफेड केली. बाकीचा देश बांधावर उभा राहून भावकीचं भांडण बघत होता.

शब्दवेडा:
भावकी आवडला पण टिकत नाही. भावकी जन्माने येते, सोडता येत नाही, सातबाऱ्यावर नाव असतं. इथे तर टीव्हीच्या पैशासाठी लोक घर बदलतात. २०२४ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा एसईसीत गेले, यूएससी, यूसीएलए, ऑरेगन, वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, आणि पश्चिम किनाऱ्याची पॅक-ट्वेल्व्ह नावाची जुनी कॉन्फरन्स होती तिच्यात दोनच कॉलेजं उरली. नाव बारा, घरात दोन. बिग टेनमध्ये अठरा. अटलांटिक कोस्ट नावाच्या कॉन्फरन्समध्ये स्टॅनफर्ड, म्हणजे पॅसिफिकच्या काठावरचं. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा! हिला महाराष्ट्रात 'आघाडी' म्हणतात, नाहीतर 'युती', आणि कुठलं कॉलेज कधी रात्रीतून पक्षांतर करेल सांगता येत नाही.

टेक्सासचा पाव्हणा:
हा हा, आघाडी मान्य. पण आघाडीत एकमेकांवर एवढी माया नसते 😄 म्हणजे पैशाचा विचार केला तर आघाडी, पब्लिकच्या मनात भावकी.

पेठकरी:
रायव्हलरीला आमच्या कोल्हापुरात रेडिमेड शब्द आहे, ईर्ष्या. हिंदीतली नव्हे बरं का, तिथे ती जळफळाट. आमच्याकडे फुटबॉल (पायाचा) पेठांचा आणि तालमींचा, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, आणि शाहू स्टेडियमवर दोन पेठा समोर आल्या की 'ईर्ष्येची मॅच' म्हणतात. इरेला पेटणे, इरेसरीने खेळणे, सगळं त्याच घरातलं. 'खुन्नस' वैयक्तिक असते, 'वैर' वाईट असतं, 'चुरस' फारच सभ्य, ती वक्तृत्व स्पर्धेत असते. ईर्ष्येत समोरचा लागतो. तो नसला तर सीझनच बेचव.

ओहायोवाली:
पेठकरी, हा शब्द घेतला! आणि ईर्ष्या कशाला म्हणतात ते इथलं ऐका. या आठवड्यात मिशिगनची मॅच आहे. ओहायो स्टेटचे लोक 'मिशिगन' हा शब्द उच्चारत नाहीत, 'ती वर उत्तरेकडची टीम' म्हणतात, वुडी हेस नावाचे कडक कोच होते त्यांच्या काळापासून. माझी आजी आजोबांचं नाव घ्यायची नाही आणि गावाकडे रात्री सापाला 'जनावर' म्हणायचे, अगदी तसंच, फक्त एकात प्रेम आणि एकात भीती, आणि इथे काय आहे ते मला दहा वर्षांत कळलेलं नाही. एवढ्यावर भागत नाही. कॅम्पसभर पाट्यांवर जिथे जिथे एम हे अक्षर असेल तिथे लाल टेपने फुली मारतात. परवा नवऱ्याबरोबर गेले होते, म्युझियमच्या पाटीवर दोन फुल्या, मेडिकलवर एक. प्रोफेसर लोकसुद्धा गप्प बघतात. ईर्ष्या लिपीपर्यंत गेलीये.

टेक्सासचा पाव्हणा:
मूळ प्रश्नाकडे येतो, नॅशनल चॅम्पियन. मला वाटतं शब्द सापडत नाही कारण मूळ गोष्टच गुळगुळीत आहे. कॉलेज खेळ चालवणारी संस्था एनसीएए, ती बाकी खेळांचे राष्ट्रीय विजेते ठरवते पण सगळ्यात वरच्या फुटबॉलचा अधिकृत विजेता आजही ठरवत नाही. १९३६ पासून एपी या वृत्तसंस्थेच्या यादीसाठी पत्रकार मतं देऊन नंबर लावायचे, १९५० पासून कोच लोकांचं वेगळं मतदान. दोघांचं जमलं तर ठीक. १९९७ ला पत्रकार म्हणाले मिशिगन, कोच म्हणाले नेब्रास्का, दोघेही विजेते, एकमेकांशी खेळलेच नाहीत! मग १९९८ मध्ये बीसीएस आणली, मतं अधिक कॉम्प्युटर, पहिल्या दोघांची फायनल. तरी २००३ ला एलएसयू फायनल जिंकली आणि पत्रकारांनी ताज यूएससीच्या डोक्यावर ठेवला. २०१४ पासून चार टीमचा प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, २०२४ पासून बारांचा. त्या चारच्या काळात, २०२३ ला, फ्लोरिडा स्टेट १३-०, भावकीची विजेती, पण क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) जायबंदी झाला म्हणून टीम निवडणाऱ्या कमिटीने बाहेर ठेवलं आणि एक मॅच हरलेल्या अलाबामाला आत घेतलं. मैदानात हरली नाही, मीटिंगमध्ये हरली.

आणि सगळ्यात भारी यूसीएफ. छोट्या कॉन्फरन्सची टीम, २०१७ ला १३-०. त्यांनी शेवटच्या मॅचला ऑबर्नला हरवलं, आणि ऑबर्नने त्याच सीझनला अलाबामा आणि जॉर्जिया दोघांनाही एकेकदा हरवलेलं. फायनल कोणाची? अलाबामा आणि जॉर्जिया. मग यूसीएफने स्वतःच जाहीर केलं आम्ही चॅम्पियन, परेड काढली, झेंडा लावला. लोक हसले. पण एका कॉम्प्युटर क्रमवारीत ते खरंच पहिले होते, त्यामुळे एनसीएएच्या नोंदवहीतही त्यांचं नाव आहे. उलट अलाबामा १९४१ चं अजिंक्यपद सांगते, त्या वर्षी दोनदा हरलेली, एपीच्या यादीत विसावी. तेही एक गणिती यादी दाखवून.

शब्दवेडा:
मग शब्द मिळाला की राव. इथले जुने लोक त्याला 'मिथिकल' चॅम्पियन म्हणायचे ना, त्याला मराठीत 'मानलेला'. मानलेला भाऊ असतो तसा मानलेला विजेता. रक्ताचा नाही, पण राखी बांधली की नातं पक्कं, आणि कोणी खोटं म्हणालं तर भांडण. 'मानाचा' वेगळा, 'मानलेला' वेगळा. आपल्याकडे पुरुषोत्तम करंडकाला २०२२ मध्ये परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पण ते नाटक आहे, तिथे परीक्षक लागतातच. धावफलक असलेल्या खेळात परीक्षक लागावेत हे अमेरिकाच करू जाणे.

सातारी कंदीपेढा:
मानलेला विजेता झकास. पण प्लेऑफमध्ये सलग चार मॅच खेळून जिंकलेल्या ओहायोला मानलेला म्हणणं अन्याय आहे हां. ते १९३६ च्या मतदानवाल्यांना ठेवा. ओहायोला अजिंक्यच, आमच्या किल्ल्यासारखं.

ओहायोवाली:
ठरलं. अजिंक्य ठेवते, खाली टीप म्हणून किल्ल्याची गोष्ट लिहायला लावते. आघाडी, ईर्ष्या, मानलेला विजेता हे तिला वाचून दाखवलं. ईर्ष्या चालेल म्हणाली, आघाडी चालेल, पण 'मानलेला' नको, या आठवड्यात तर नाहीच. मला कळेना का. मग वही बघितली. देवनागरीतला एमसुद्धा तिने सोडलेला नाही, सगळे 'म' लाल पेनने खोडलेत. बाईंना आता रविवारी असं वाक्य मिळणार आहे: 'आ×ची टी× २०२४ ची अजिंक्य टी× आहे.'