परसबागेत फवारलेलं औषध अंगावर किती आलं, हे कसं मोजायचं?

परसबाग_अमळनेर

नमस्कार. अमळनेरला आमच्या घरामागे छोटी परसबाग आहे. भरिताच्या वांग्याची बारा झाडं, गिलक्याचे दोन वेल, कढीपत्ता, एक लिंबू. वांग्याचं बी बामणोदकडचं, फिकट हिरवं, पांढऱ्या रेघांचं फळ येतं. चंपाषष्ठीला घरच्याच वांग्यांचं भरीत व्हावं म्हणून मी त्या झाडांना फार जपते. पण दरवर्षी शेंडे माना टाकतात आणि फळ चिरलं की आत अळी.

चार वर्षांपासून धाकटे दीर कपाशीवर मारून उरलेलं औषध पाण्याच्या बाटलीत आणून देतात. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रीन एकत्र असलेलं, लसणासारखा उग्र वास येतो. मी दोन लिटरच्या हातपंपात एक झाकण टाकते. नाकाला पदर लावते, हातात काही घालत नाही.

गेल्या गुरुवारी फवारलं. संध्याकाळी डोकं जड झालं, मळमळलं आणि डाव्या डोळ्याची पापणी रात्रभर फडफडत होती. डॉक्टरांनी विचारलं, कोणतं औषध, किती, अंगावर किती आलं? मी म्हणाले, थोडंसंच. ते म्हणाले, थोडंसं म्हणजे किती ते सांगा.

मला सांगता आलं नाही, आणि ते मनाला लागलं. चौतीस वर्षं ब्लाऊज शिवते. पाव इंच इकडचा तिकडे झाला तर माझ्या लक्षात येतं, आणि स्वतःच्या अंगावर विष किती आलं ते माहीत नाही. नात सहा वर्षांची आहे, वांगी तोडायला माझ्याबरोबर तीच असते. शेतावर फवारणाऱ्यांसाठी माहिती खूप मिळते. घरच्या बागेत महिन्यातून दोनदा फवारणाऱ्या बाईने आपला हिशेब कसा करायचा? रक्त तपासून कळतं का?

धुळेकर_कृषी

ताई, सगळ्यात आधी ती बाटली नातीच्या हाती लागणार नाही अशी कुलपात ठेवा आणि तिच्यावर ठळक अक्षरात नाव लिहा. पापणी फडफडणं सोडून देण्यासारखं नाही. प्रोफेनोफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फेट. शरीरातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या विकराचं काम ते अडवतं, म्हणून स्नायू फडफडतात, लाळ आणि घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. परत असं काही झालं, किंवा धाप लागली, तर घरी थांबू नका, औषधाचं नाव घेऊन थेट दवाखाना गाठा. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र आहे, क्रमांक १८०० ११६ ११७. डॉक्टरांनाही तिथे विचारता येतं.

रक्ताचं सांगतो. कोलिनेस्टरेजची तपासणी खासगी लॅबमध्येही होते, पण एका आकड्यावर विसंबू नका. माणसामाणसात फरक इतका असतो की तुमचा आकडा निम्म्याने घसरलेला असला तरी कागदावर 'नॉर्मल' येऊ शकतो. डॉक्टरांना सांगून आत्ता एकदा रक्त द्या. मग फवारणी पूर्ण बंद ठेवून काही आठवड्यांनी परत द्या. दुसरा आकडा बराच वर गेला तर पहिला दबलेला होता असं समजायचं. ही तपासणी ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटापुरतीच. सायपरमेथ्रीन किंवा इमिडाक्लोप्रिड अशी दुसऱ्या गटांतली औषधं त्यात दिसत नाहीत. लघवीत अंश सापडतात, पण थोड्या दिवसांत निघून जातात, आणि तशी तपासणी गावात मिळत नाही.

आता खरा हिशेब. लोक फवारणीची मिनिटं मोजतात आणि औषध कालवण्याचा वेळ विसरतात. लिटरला दोन मिली धरलं तर मूळ औषधाचा एक थेंब म्हणजे मिश्रणाचे पाचशे थेंब. झाकण भरताना बोटावर एक थेंब ओघळला की सगळ्या फवारणीत अंगावर येतं त्याहून जास्त तिथेच येऊ शकतं. शिवाय त्वचा सगळीकडे सारखी नसते. पॅराथिऑन या याच गटातल्या औषधावर झालेल्या जुन्या प्रयोगात हाताच्या पुढच्या भागातून जेवढं शोषलं गेलं, त्याच्या जवळजवळ चौपट कपाळातून गेलं. औषधाच्या हाताने कपाळावरचा घाम पुसणं म्हणूनच वाईट.

नाकावरच्या पदराचा उपयोग नाही. कापड भिजतं आणि तेच तोंडाशी राहतं.

अंगावर नेमकं कुठे येतं ते पाहायला संशोधक कपड्यांवर पट्ट्या लावतात किंवा पाण्यात चमकणारा रंग घालतात. तुम्ही कपड्यांची नीळ वापरा. औषध अजिबात न घालता, नव्या पंपात नीळ आणि पाणी, अंगात पांढरे कपडे, आणि नेहमी करता तसंच सगळं करा.

एक सांगायचं राहिलं. हे औषध कपाशीसाठी आहे, वांग्यासाठी नाही. त्यामुळे फवारल्यावर किती दिवसांनी तोडायचं याचा भरवशाचा आकडा तुमच्या हाती नाही. आत्ता झाडावर असलेली फळं खाऊ नका, नातीला तर बिलकूल देऊ नका.

तापीकाठ_शिरपूर

मावशी, मी सांगस ते ध्यानमा ठेवा. पाणीनी बाटलीमा औषध ठेवानं नई म्हणजे नई. आमना घरमा असंच व्हयनं व्हतं. पुतण्या उन्हातून आला आणि खिडकीतली बाटली तोंडाला लावली. वास आला म्हणून एकाच घोटावर थांबला, तरी तीन रात्री दवाखान्यात काढल्या. दीर चांगल्या मनाने देतात, पण लेबल दुकानाच्या डब्यावर राहतं, आणि त्रिकोणाचा रंग, पीक, मात्रा, विषबाधेवरचा उतारा सगळं तिथेच लिहिलेलं असतं. लाल त्रिकोण सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. तुमच्या बाटलीवर काय शे? काहीच नई.

२०१७ ला यवतमाळकडे फवारणीत वीसच्या वर माणसं गेली, तेव्हापासून आम्ही वारा पाहिल्याशिवाय पंप उचलत नाही. बारा झाडांना तर हाताचं काम पुरतं. वाळलेला शेंडा दिसला की अळीसकट खुडा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणारा कामगंध सापळा एक लावा.

परसबाग_अमळनेर

दोघांचे मनापासून आभार. रविवारी नीळ करून पाहिली.

मांजरपाटाचा पांढरा झगा शिवला, डोक्याला पांढरं फडकं, मनगटांना पट्ट्या. यजमानांना म्हटलं, घड्याळ लावा. अकरा मिनिटं फवारलं. मग झगा टेबलावर पसरला आणि खडूने डाग घेरले, माप घेतल्यासारखे. मला वाटलं होतं छातीवर असेल. छाती जवळजवळ कोरी. उजवी बाही कोपरापर्यंत निळी, कारण मी वरचे शेंडे गाठायला हात उंच करते आणि पाणी दांड्यावरून उलटं वाहतं. पोटावर आडवा पट्टा, भिजलेल्या पानांना टेकले तिथे. डाव्या पावलावर मोठा डाग, पंपाचं तोंड गळतं. फडक्यावर कपाळाशी चार बोटं उमटलेली. घाम पुसल्याचं मला आठवतही नाही.

खरं पोटात गोळा आला तो नंतर. नळाची चावी निळी. मागच्या दाराची कडी निळी. माठावरच्या ओगराळ्याची दांडी निळी. आणि कडीवर नातीचा हात माझ्या हाताच्या खालीच पडतो.

झाकणही मोजलं. तशाच दुसऱ्या बाटलीच्या झाकणात सिरिंजने पाणी भरलं तर सात मिली मावलं. दोन लिटरला सात, म्हणजे लिटरला साडेतीन. चार वर्षं, थंडीचे चार महिने, महिन्याला दोनदा, म्हणजे बत्तीस वेळा. बत्तीस वेळा उघड्या बोटांनी झाकण भरलं, आणि दर वेळी आंघोळ दुपारचा स्वयंपाक उरकल्यावर. हा कागद डॉक्टरांना दिला. त्यांनी तो पूर्ण वाचला, पावलावरचा डाग कुठे होता तेही विचारलं, आणि रक्त घ्यायला सांगितलं.

दीर काल आले, त्यांना झगा दाखवला. बराच वेळ बाही हातात धरून बसले. जाताना बाटली सोबत नेली आणि विचारलं, शेतात माझ्यासाठी असा एक शिवून देशील का, वहिनी? आज मापं घेतली.

झाडांवरची फळं तोडून खड्ड्यात पुरली, यंदा भरीत बाजारच्या वांग्यांचं. सकाळी सात शेंडे खुडले, पाचांत अळी होती. महिनाभराने दुसऱ्यांदा रक्त देईन, दोन्ही आकडे इथे लिहिते.