ड्रोग कोणता, याइतकंच तो बोटीला कुठे बांधला हेही महत्त्वाचं

ड्रोग म्हणजे वादळात शिडाच्या बोटीचा वेग आवरायला आणि ती सरळ ठेवायला मागे दोराने पाण्यात सोडायचा अडथळा. मोठा एकच ड्रोग पुरे, दोरावर ओवलेल्या शंभरेक छोट्या कापडी शंकूंची माळ ओढत बसणं नको, असं या चर्चेत एकाने म्हटलंय. माळ परत बोटीत ओढून घेणं जिवावर येतं, हे मान्य. पण एकटा ड्रोग लाटेच्या तोंडातून बाहेर फेकला गेला की दोर ढिला पडतो, आणि नेमक्या त्याच क्षणी बोट आडवी होते. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळाने झालेल्या दुर्घटनेनंतर अमेरिकी अभियंते डोनाल्ड जॉर्डन यांनी माळेचा ड्रोग तयार केला तो यासाठीच. टोकाला साखळीचं वजन असल्याने माळ खोल बुडते आणि काही शंकू कायम पाणी धरून असतात.

चर्चेत राहून गेलेली गोष्ट म्हणजे बांधणी. ड्रोग बोटीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांना दोन दोरांनी बांधतात. बोट तिरकी झाली की बराचसा ताण एकाच बाजूच्या दोरावर येतो, म्हणून जॉर्डन प्रत्येक बाजूची बांधणी एकूण ताणाच्या ७० टक्के पेलणारी हवी म्हणत. डेकवरचे साधे क्लीट (दोर गुंडाळायचे खुंट) इथे अजिबात चालणार नाहीत. बोटीच्या कडेला बाहेरून बोल्ट केलेल्या जाड चेनप्लेट (धातूच्या पट्ट्या) हव्यात, म्हणजे दोर कुठे काठावर घासत नाही. २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत ब्रिटिश नाविक सूझी गुडॉल यांचा ड्रोगचा दोरच तुटला, बोट कोलांटली आणि डोलकाठी गेली.