ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) तुम्हाला कुठे भेटला? अनुभव सांगा

सायली_ठाणे: काल रात्री भांडी आवरताना वरच्या मजल्यावरचा मुलगा गिटारवर एकच तुकडा घोळवत होता. तार बोटाने वर ढकलायची, सूर कोमल गंधारावरून निघायचा आणि शुद्धाच्या किंचित अलीकडे अडायचा. नळ बंद करून ऐकत राहिले. एकदम फेब्रुवारी २०२३ आठवला. वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ, ८६ वर्षांचा ब्लूज गिटारवाला बडी गाय, आणि त्याच्या निरोपाच्या दौऱ्याची सुरुवात आपल्या मुंबईत! बाबांना जाऊन तीन महिने झाले होते, तोवर मला रडू आलं नव्हतं. तिथे आलं.

मिरजकर: "बडी गाय ऐकतोय" म्हटलं की आमची आजी विचारायची, "दूध किती देते रे?" 😄

ठेका: मी तबलावाला. मित्रांनी जॅमला, म्हणजे सगळ्यांनी मिळून वाजवायला बोलावलं, म्हणाले बारा बारचं आहे. मी बारा मात्रा समजून एकताल धरला! बार चार ठोक्यांचा, म्हणजे आवर्तन ४८ ठोक्यांचं. गाणारा एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो, मग तिसरी तिला उत्तर देते. शेवटच्या दोन बारांत सगळे वळून घरी येतात, त्याला टर्नअराउंड म्हणतात. ती जागा कानाला कळली तेव्हा कुठे हात मोकळा झाला.

नितीन_शिकागो: इथे जानेवारीत बडी गायच्या लेजंड्स क्लबात गेलो होतो, बाहेर उणे १८. त्याची काळी गिटार, पांढरे ठिपके. घर सोडताना तो आजारी आईला म्हणाला होता, शिकागोत पैसे कमावून ठिपक्यांची कॅडिलॅक आणतो. तिला बरं वाटावं म्हणून मारलेली थाप होती ती. आई गेली, ठिपके गिटारवर आले. बाहेर पडल्या पडल्या आईला फोन लावला. तिचा सकाळचा चहा चालला होता.

माई६२: नितीन, रोज करत जा रे फोन.

ओंकार: किंगफिश ऐका कुणीतरी! ब्लूज गिटारवाला क्रिस्टोन इन्ग्रम, १९९९ चा जन्म, मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलचा. त्याच्या '६६२' अल्बमला ग्रॅमी मिळालं. ६६२ म्हणजे त्यांच्या भागाचा फोन कोड. आपल्याकडे सांगली-मिरजेचा '०२३३' कोण काढतंय?

मिरजकर: मीच. सतार आमच्या गल्लीतली 💪

प्राजू: लेक म्हणतो आई तुझं ते म्हाताऱ्यांचं संगीत. म्हटलं बाळा, तुझ्या रोलिंग स्टोन्स बँडनी नाव उचललंय ते ब्लूजवाल्या मडी वॉटर्सच्या १९५० च्या गाण्यावरून. आता हेडफोन लावून मडीच ऐकतोय. कुकर झाला, येतेच.

रेवा: सायलीताई, तो गंधार! गिटारवाल्या डेरेक ट्रक्सची स्लाइड (तारांवर नळी सरकवत वाजवणं) ऐका. अली अकबर खाँसाहेबांचं सरोद मनापासून ऐकलेला माणूस आहे, मींड कळते. आणि शिलाँगच्या सोलमेट बँडमधली टिप्रिती, काय आवाज आहे!

माई६२: मेहबूबहून रात्री रिक्षा मिळते का गं? भाचीला जायचंय पुढच्या खेपेला.

सायली_ठाणे: माई, मी स्टेशनपर्यंत चालत गेले. बोलायचंच नव्हतं कुणाशी.

प्राजू: आले. वरण करपलं थोडं. त्या वरच्या मुलाचं काय झालं पुढे?

सायली_ठाणे: आत्ताही वाजवतोय. आज गंधार थोडा वर नेलाय.